अंगण खरंच वाकडं असेल तर?

प्रश्न: दहा किलोमीटरच्या शर्यतीत माझ्या घड्याळात १०.१६ आलं, नवऱ्याच्या घड्याळात १०.२१. आयोजकांना विचारलं तर ‘मार्ग प्रमाणित आहे’ एवढंच उत्तर मिळालं. आमच्याकडून दीड-दोनशे मीटर फुकट पळवून घेतले, असंच ना? — एक चिडलेली वाचक

उत्तर: इतक्यात चिडू नका. माझी नोकरी जमिनी मोजण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी शर्यतींचे मार्ग मोजते, त्यामुळे ‘माझं बरोबर, शेजाऱ्याचं चूक’ हे वाक्य मी दोन्हीकडे ऐकलेलं आहे. तुम्ही दोघं तर एकाच रस्त्याने, बहुधा शेजारी शेजारीच पळालात. तरी तुमच्या दोन घड्याळांत ५० मीटरचा फरक. यातलं खरं कुठलं?

प्रमाणित मार्ग मोजतात तो नियमात राहून पळता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेवरून. वळणावर कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवायचं आणि एका वळणाकडून दुसऱ्या वळणाकडे रस्ता तिरका कापत जायचं. शिवाय चुकूनही मार्ग कमी भरू नये म्हणून लांबी मुद्दाम एक हजारांश वाढवतात. म्हणजे दहा किलोमीटरला १० मीटर, पूर्ण मॅरेथॉनला ४२. हे १० मीटर तुम्ही खरोखर जास्त पळालात, आणि ते नियमानेच.

आता वळणं. काटकोनातलं वळण तुम्ही त्या रेषेपेक्षा ४ मीटर बाहेरून घेतलंत तर सव्वासहा मीटर वाढतात. यू-टर्नला त्याच्या दुप्पट. पाणी घ्यायला रस्ता ओलांडलात, गर्दी टाळायला कडेला गेलात, सगळं तुमच्या खात्यावर जमा. अशा दहा-बारा वळणांतच साठ-सत्तर मीटरचा हिशेब लागतो.

उरलेलं घड्याळाचं. ते जमीन मोजत नाही. ठरावीक वेळाने उपग्रहांकडून आपली जागा ठरवतं आणि ते ठिपके जोडत जातं. प्रत्येक ठिपका दोन-चार मीटर इकडेतिकडे पडतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरही रेष नागमोडी होते आणि नागमोडी रेष नेहमी लांब. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून येतात, तिथे तर घड्याळ तुम्हाला इमारतीतून पळवतं. भुयारी रस्त्यात ते अंदाजाने चालतं.

तरीही ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणून तुम्हाला गप्प करणाऱ्यांत मी नाही. कधी कधी अंगण वाकडं असतंच. ते ओळखायचं कसं? एकूण आकडा विसरा, फरक कुठे वाढला ते बघा. दर किलोमीटरच्या पाटीपाशी तुमच्या घड्याळात किती होतं? फरक पाटीगणिक थोडा थोडा वाढत गेला असेल, दुसऱ्या पाटीला ३० मीटर, पाचव्याला ८०, तर तो वळणांचा आणि घड्याळाचा. पण सहाव्या पाटीपर्यंत सगळं नेहमीसारखं आणि सातव्याला एकदम ३०० मीटरची उडी, तर त्या दोन पाट्यांमध्ये काहीतरी चुकीच्या जागी ठेवलं होतं. पुढे तो फरक तसाच राहिला तर कोन (वळणाची जागा दाखवणारा प्लास्टिकचा शंकू) चुकला, आठव्या पाटीला नाहीसा झाला तर फक्त पाटी चुकली. मग दहा-वीस अनोळखी लोकांची नोंद मागवा. सगळ्यांची उडी तिथेच असेल तर आयोजकांना पुन्हा लिहा, आणि ‘प्रमाणित’ या उत्तरावर समाधान मानू नका. प्रमाणपत्र मोजलेल्या मार्गाचं असतं, त्या सकाळी मांडलेल्या मार्गाचं नव्हे.

घड्याळांनी अंतर कमी दाखवलं तर मी जास्त सावध होते. ती जास्त दाखवण्याकडे झुकलेली असतात. भुयार नसताना सगळ्यांचीच ९.७ वर थांबली, तर मार्ग तोकडा असणार.

प्रश्न: माझी गन टाइम (बंदूक सुटल्यापासूनची) आणि चिप टाइम (मी स्टार्ट लाइन ओलांडल्यापासूनची) अगदी सारखी आली आहे. मी तर खूप मागे उभी होते, स्टार्ट लाइनपर्यंत पोचायलाच चार मिनिटं लागली. ही चूक कशी होते?

उत्तर: स्टार्ट लाइनवर अंथरलेल्या, चिपा वाचणाऱ्या मॅटने तुमची चिप वाचलीच नाही. मग संगणकाने रिकाम्या जागी गन टाइमच भरली. सेकंदासकट दोन्ही आकडे जुळले की मी हेच समजते.

बिबमागची (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदामागची) चिप म्हणजे एक पातळ अँटेना. तिला स्वतःची बॅटरी नसते, मॅटकडून येणाऱ्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. या लहरी पाण्याला बुजतात आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच. बिब घडी घालून पोटाला घट्ट बांधलं, त्यावरून फोनचा पट्टा आला, शेजारी दाटीवाटीने माणसं असली, की चिप मुकी राहते. शेवटाला गर्दी विरळ असते म्हणून तिथे असं कमी होतं. चांगले टायमिंगवाले दोन्हीकडे एक जादा मॅट टाकतात. तुमच्याकडे सुरुवातीला ती नसावी.

बिब क्रमांक, तुमच्या घड्याळाची फाइल आणि तुमच्या बरोबरीने लाइन ओलांडलेल्या दोघा-तिघांचे क्रमांक, एवढं एका पत्रात पाठवा. बरेचदा दुरुस्ती होते. मात्र बक्षीस गन टाइमवर ठरत असेल तर भांडू नका. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांतही अधिकृत वेळ बंदुकीपासूनचीच, चिपची वेळ माहितीपुरती.

याच दुखण्याचा एक भाऊ आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या यंत्रांची घड्याळं जुळवलेली नसली तर सगळ्यांच्याच वेळेत सारखीच गफलत येते, समजा प्रत्येकाचे २० सेकंद कमी. गंमत म्हणजे तक्रार कोणीच करत नाही.

प्रश्न: आमच्या हाफ मॅरेथॉननंतर आठवड्याने जाहीर झालं की मार्ग २०० मीटरने कमी होता. आता आयोजक वेळा ‘प्रमाणात वाढवून’ देणार आहेत. ती माझी पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) धरायची का?

उत्तर: नाही. मनात हवी तर ठेवा, यादीत नको. शेवटचे २०० मीटर तुम्ही सरासरी वेगाने पळाला असता हे कोणी ठरवलं? काही जण तिथेच उलटी करतात, काही जण तिथेच कोणाला तरी गाठतात.

अशी पाळी तुमच्यावरच आलेली नाही. २०१६ च्या ग्रेट स्कॉटिश रनचा हाफचा मार्ग १४९.७ मीटरने कमी निघाला. दोन तासांच्या धावकाला तो सुमारे ५१ सेकंदांचा फायदा. ग्रेटर मँचेस्टर मॅरेथॉन २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षं ३८० मीटरने तोकडी होती. एखादा कोन तीन वर्षं त्याच चुकीच्या जागी ठेवला जात नाही, त्यामुळे असा आकडा वाचला की मी मोजणीच्या कागदांकडेच बोट दाखवते. उलट बाजूला २०२१ ची ब्रायटन मॅरेथॉन, ५६८ मीटर जास्त. चार तासांच्या धावकाची तीन मिनिटांहून जास्त वेळ तिथे गेली. आणि अमेरिकी धावक आल्बेर्तो सालाझार यांनी १९८१ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनला नोंदवलेला २:०८:१३ चा विश्वविक्रम? पुन्हा मोजल्यावर तो मार्गही दीडशे मीटरच्या आसपास कमी भरला.

चूक स्वतःहून जाहीर करणाऱ्या आयोजकांचं मला कौतुक आहे. पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच पळा.

प्रश्न: आम्ही काही मित्र पहिल्यांदाच पाच किलोमीटरची शर्यत भरवत आहोत. मोटारसायकलच्या मीटरवर आणि फोनच्या नकाशावर अंतर मोजलं, दोन्ही जुळलं. पुरेल का?

उत्तर: दोन अंदाज जुळले म्हणजे मोजणी झाली असं नाही. सायकल घ्या. जगभर हीच पद्धत आहे. पुढच्या चाकाला एक छोटा आकडेमोजक लावतात. तो चाकाच्या एका फेऱ्यात वीसच्या वर आकडे पुढे सरकतो, म्हणजे दर आकड्याला साधारण ९-१० सेंटिमीटर. आधी पोलादी फितीने निदान ३०० मीटरचा एक सरळ पट्टा मोजून घ्यायचा, त्यावर चार वेळा सायकल चालवायची, मग मार्ग मोजायचा आणि शेवटी पुन्हा त्याच पट्ट्यावर चार वेळा.

पुन्हा कशाला, असं सगळेच विचारतात. टायरमुळे. उन्हं वर आली की हवा प्रसरण पावते, चाक कणभर मोठं होतं आणि त्याच आकड्यांत जास्त अंतर कापलं जातं. मार्ग लांब होतो. हवा हळूहळू निसटत असेल तर उलट, मार्ग तोकडा. शेवटची फेरी केली नाही तर हे कळणारच नाही.

पण मोजणी नीट झाली तरी शर्यतीची सकाळ उरतेच. माझीच फजिती सांगते. एका जाऊन-येऊन मार्गाच्या वळणाची जागा मी वहीत ‘तिसऱ्या दिव्याच्या खांबापुढे ११ मीटर’ अशी लिहिली. तिसरा कुठून, ते लिहिलं नाही. पहाटे पाचला, अंधारात, एका बिचाऱ्या स्वयंसेवकाने पुलापासून मोजायला सुरुवात केली. मी चौकापासून मोजले होते. कोन ६० मीटर अलीकडे बसला. जाताना ६०, येताना ६०. सगळ्यांचे १२० मीटर वाचले आणि सगळेच मला धन्यवाद देत होते. दुपारी नोंदी बघितल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. निकालपत्रावर ‘अंतर १२० मीटरने कमी’ असं मीच लिहायला लावलं. तो स्वयंसेवक अजून मला बघितलं की आधी खांब दाखवतो.

तेव्हापासून मी वळणाच्या जागी डांबरात पत्र्याची चकती घालून खिळा ठोकते, शेजारी रंगाचा ठिपका देते, आणि खिळ्यावर पाऊल ठेवलेला फोटो कोन मांडणाऱ्याच्या फोनवर आदल्या रात्री पाठवते. पाच किलोमीटरच्या तुमच्या मार्गाला असे तीन-चार खिळे पुरतील. रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे ते बघून आधी परवानगी घ्या. आणि फोटोत बूट नको, चकती दिसू दे.