सोलापूरच्या उन्हाळ्यातील सफरचंदाचे व्हिनेगर

मार्चअखेरीस सफरचंदाच्या रसात साखर घालून तो घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवला; महिन्याभराने उघडला तेव्हा आंबट वासाऐवजी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र दर्प आला आणि वर पांढरा पापुद्रा दिसला, तर हे सारे फेकून द्यावे का, असे आपण विचारले आहे. पापुद्रा पांढरा, पातळ आणि सुरकुतलेला असेल तर तो बहुधा जंगली यीस्टचा असतो आणि काढून टाकता येतो. मात्र त्यावर हिरवी, काळी किंवा मखमली बुरशी असेल, तर वरचा थर काढून भागत नाही. संपूर्ण बाटली रिकामी करावी.

दर्पाचे कारण उष्णता आणि कोंडलेली हवा यांत आहे. व्हिनेगर दोन टप्प्यांत होते. आधी यीस्ट साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. त्यासाठी हवा लागत नाही, परंतु वायूला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर बाटली फुटू शकते. नंतर ॲसिटोबॅक्टर जीवाणू अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात आणि त्यांना भरपूर हवा लागते. आपल्या बाटलीत पहिला टप्पा कडक उन्हाळ्यात झाला आणि दुसऱ्याला हवाच मिळाली नाही. अशा वेळी त्रासलेले व जंगली यीस्ट एथिल ॲसिटेट तयार करते, आणि तोच आपल्याला आलेला वास. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओतून, चिलटे शिरू नयेत म्हणून घट्ट विणीचे सुती फडके बांधून ठेवल्यास तो पुष्कळदा कमी होतो.

खरा प्रश्न तापमानाचा आहे. सफरचंदाच्या रसाला साधारण १५ ते २२ अंश सेल्सिअस मानवते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. आपली हवा कोरडी असते, हे इथे उपयोगी पडते: परातीत पाणी घेऊन त्यात बरणी उभी करावी आणि पाण्यात टोक बुडालेला ओला सोलापुरी टॉवेल तिच्याभोवती गुंडाळावा, बाष्पीभवनाने, माठातल्या पाण्याप्रमाणे, बरणी खोलीपेक्षा काही अंश थंड राहते. तरीही माझे स्पष्ट मत असे की पहिला टप्पा नोव्हेंबर ते जानेवारीतच करावा. काश्मीर व हिमाचलचा माल तेव्हा बाजारात भरपूर असतो आणि रात्री गार असतात. दुसऱ्या टप्प्याला २५ ते ३० अंश चालतात, म्हणून तो फेब्रुवारीत सुखाने पार पडतो.

साखर घालण्याची गरज नव्हती. रसातच १० ते १२ टक्के साखर असते. तिच्यापासून ५ ते ६ टक्के अल्कोहोल आणि पुढे जवळपास तितकेच आम्ल मिळू शकते. डबाबंद रस वापरायचा असल्यास सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट नसलेलाच घ्यावा, कारण ही संरक्षके यीस्टला वाढू देत नाहीत. सडलेली फळे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत; त्यांतील पॅट्युलिन हे बुरशीचे विष उकळल्यानेही जात नाही. ॲल्युमिनियम, तांबे व पितळ टाळावे.

पहिल्या टप्प्यावरच थांबून सायडर म्हणून प्यावे का, असेही आपण विचारले होते. परवान्याविना मद्यनिर्मिती महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा ठरते, म्हणून तो सल्ला मी देणार नाही. फेस थांबताच त्यात साधारण पाचवा हिस्सा न उकळलेले, गाळ असलेले व्हिनेगर मिसळावे. त्यामुळे आम्लता लगेच वाढून बुरशीला अटकाव होतो.

घरच्या व्हिनेगरची आम्लता मोजलेली नसते. विक्रीच्या व्हिनेगरला किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल लागते, म्हणून टिकाऊ लोणच्यासाठी विकतचेच घ्यावे. घरचे कोशिंबिरीला वापरावे.