दात उशीखाली आणि दात कौलावर

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय: "मुलगी तिसरीत आहे. इंग्रजी घडाघडा वाचते. पण बाईंचं म्हणणं, वाचलेल्याशी तिला स्वतःचे संबंध जोडता येत नाहीत. प्रत्येक गोष्टीखाली ती 'माझ्या बाबतीतही असंच झालं होतं' एवढंच लिहिते. घरी आम्ही मराठी बोलतो म्हणून असं होतंय का? मराठी थांबवावी का?"

ताई, मराठी अजिबात थांबवू नका. या अडचणीवरचा सगळ्यात चांगला उपाय तुमच्या घरात आहे आणि तो मराठीतच आहे.

आधी बाईंना काय हवंय ते बघू. वाचताना गोष्ट स्वतःच्या आयुष्याशी, आधी वाचलेल्या पुस्तकाशी किंवा आजूबाजूच्या जगाशी जोडायची, ही पद्धत 1990च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या शाळांत रुळली. पद्धत चांगली आहे. तिचा छापील तक्ता झाला की मात्र मुलं रकाने भरायला शिकतात. गोष्टीत कुत्रा आला की 'आमच्या शेजाऱ्यांकडेही कुत्रा आहे' असं लिहून मोकळी होतात. यात खोटं काही नाही, पण गोष्टीतल्या मुलाने कुत्रा हरवल्याचं आईपासून का लपवलं, हे शेजाऱ्यांच्या कुत्र्यावरून कळत नाही. आपल्या हातून कप फुटला, आपण तुकडे सोफ्याखाली सरकवले आणि आई घरात येईपर्यंत पोटात गोळा आला होता, हे आठवलं की कळतं. म्हणून लेक 'माझ्या बाबतीतही' म्हणाली की लगेच पुढचं विचारा: "मग त्यावरून या मुलाबद्दल तुला काय कळलं?" तक्त्यात हा प्रश्न बहुतेक वेळा नसतो आणि खरं काम तोच करतो.

आता आपल्या मुलांची खास अडचण. 1979 साली इलिनॉय विद्यापीठातल्या स्टेफनसेन, जोग-देव आणि अँडरसन या संशोधकांनी अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली. एकात अमेरिकन लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात भारतीय लग्नाचं. दोन्ही गटांनी आपापल्या देशातल्या लग्नाचं पत्र जास्त भरभर वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकन पत्रातल्या नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिथे तो मानाचा. एका भारतीय वाचकाच्या आठवणीत मात्र उरलं ते असं, की नवरी बरी दिसत होती, फक्त कपडे फार जुने आणि फॅशन गेलेले होते. इंग्रजी त्याला येत होतंच. त्याने संबंधही जोडला, पण आपल्या घरातल्या लग्नाशी. नवरीला नवा शालू हवा, असं ज्याच्या मनात पक्कं आहे तो दुसरं काय वाचणार?

तुमच्या लेकीच्या बाबतीत हे दोन्ही बाजूंनी होतं. शाळेच्या गोष्टीतली मुलगी पडलेला दात उशीखाली ठेवते आणि सकाळी परी पैसे ठेवून गेलेली असते. तुमची लेक गप्प बसते, कारण आपल्या घरातलं इथे सांगण्यासारखं नाही असं तिला वाटतं. तिला सांगा, आजी लहान असताना पडलेला दात कौलावर फेकायचे. मग विचारा, दात पडल्यावर मोठी माणसं असं काहीतरी का करत असतील? उशीखाली काय किंवा कौलावर काय, पहिला दात पडला की मूल थोडं घाबरतं आणि थोडं मोठंही होतं. हे तिचं तिला सुचू द्या. हे बोलणं मराठीत होऊ दे, लिहिणं इंग्रजीत. विचार एकदा नीट झाला की तो दुसऱ्या भाषेत मांडता येतो.

मराठी पुस्तकांचं उलट असतं. मे महिन्यातलं आजोळ, अढीतले आंबे, पहिल्या पावसात अंगणात धावणारी मुलं. तुमच्या लेकीला मे महिन्यात शाळा असते आणि पाऊस म्हणजे मैदानावरचा खेळ रद्द. ही मुलं पावसाला एवढी का हरखली, हे तिला शब्दार्थ सांगून कळणार नाही. वाचायच्या आधी पाच मिनिटं सांगा: दोन महिने तापलेली जमीन, आटलेली विहीर, खोळंबलेली पेरणी. शक्य असेल तर आजोबांना व्हिडिओ कॉल लावून त्यांनाच विचारू द्या. वाचता वाचता दर ओळीला थांबून समजावलं तर मुलं कंटाळतात. आधी सांगितलेलं बरं.

माहिती किती कामाला येते, याचा आणखी एक पुरावा अमेरिकेतलाच आहे. 1988 साली रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तुमच्या घरी क्रिकेट चालत असेल, तर एखादा बेसबॉलचा सामनाही लेकीबरोबर बघा. शाळेच्या पुस्तकांत तो येतच राहणार.

रोज हे करायला जाऊ नका, वाचनाची गोडी जाईल. आठवड्यातून एक-दोन गोष्टींवर गप्पा पुरेत आणि कधी "मला काहीच आठवलं नाही" हे उत्तरही चालू द्या.

बाईंना एक छोटी ईमेल पाठवा. आमच्या घरातल्या रीती वेगळ्या आहेत, लेकीने त्या उत्तरात लिहिल्या तर चालतील का, असं सरळ विचारा. आणि पुढच्या आठवड्यात वर्गात कोणती गोष्ट आहे तेही विचारून घ्या, म्हणजे शनिवारी घरी त्यावर बोलायला वेळ मिळेल.