अमेरिकेतल्या यूटा राज्याची पाच नॅशनल पार्कं एका आठवड्यात?

होतील, पण निम्मा वेळ गाडीत जाईल. पहिल्यांदाच जाताय तर यादीला कात्री लावा. लास व्हेगासहून झायन, ब्राइस आणि कॅपिटॉल रीफ ही तीन पार्कं पुष्कळ झाली. आर्चेस पुढच्या खेपेला. झायनला दोन रात्री तरी हव्यातच. मुख्य दरीत वर्षातला बराच काळ खासगी गाड्यांना बंदी असते, पार्कच्या शटल बसनेच फिरावं लागतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, शिवाय गाडीत जादा.
- टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा.
- ब्राइस ८,००० फुटांवर आहे, मे महिन्यातही पहाटे दात वाजतात. जाकिटं घ्याच.

पुराचा इशारा असेल तर अरुंद घळीत पाऊल टाकू नका, डोक्यावर निरभ्र आभाळ असलं तरी. पाऊस कुठेतरी लांब पडतो, लोंढा इथे येतो. ट्रेलचं, म्हणजे चालायच्या वाटांचं, नंतर बोलू, आधी झायनजवळचं बुकिंग करा.