मार्चमध्ये आणलेली फुलझाडं एप्रिलमध्ये का जातात?

इंदूरला पश्चिमेकडच्या गच्चीत दर वसंतात फुललेल्या कुंड्या आणता, एप्रिलअखेर सगळं वाळतं, मग यातून आनंद कसा मिळवायचा, असं तुम्ही विचारलंय.

निगा ठीक असेलही, खरेदी चुकतेय. पिटुनिया, डायंथस, पॅन्झी ही हिवाळी रोपं. नर्सरीत फुलांनी लगडलेली दिसतात तेव्हा त्यांचा मोसम संपत आलेला असतो. होळीनंतर मोगरा, सदाफुली, झिनिया किंवा ऑफिस टाइम (पोर्तुलाका) घ्या. माळव्याच्या उन्हातही ही फुलतात.

गच्चीसाठी मी मोगराच सुचवेन. १२ इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग जाड रेती. रेतीत कंजूषी नको. इथली काळी माती भिजली की चिकटते, सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. तसं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

कळ्या नव्या फुटव्यांवरच येतात. म्हणून जुनं झाड महाशिवरात्रीच्या सुमारास वरून एक तृतीयांश छाटा आणि दोन मुठी खत द्या. पुढे प्रत्येक बहर ओसरला की शेंडे खुडा. युरिया नको, नुसती पानं माजतात. (घरच्या ओल्या कचऱ्याचं खत उत्तम. खत कुजवण्याची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात याच शहरात बसवली, मग विकतचं कशाला!)

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत हे होतंच. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घालून संध्याकाळी फवारा. पानांखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही बारीक कीड आहे. दर तीन दिवसांनी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

एप्रिलमध्ये ५० टक्क्यांची हिरवी जाळी दुपारच्या उन्हाच्या बाजूला बांधा. कुंड्या तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर, एकमेकींना खेटून ठेवा. मातीवर दोन इंच वाळका पाला. पाणी सकाळी, आणि बोट घालून माती कोरडी लागली तरच.

टपोऱ्या पांढऱ्या कळ्या दुपारी चारनंतर तोडा, वाटीभर पाण्यात ठेवा. रात्री जेवायला बसाल तेव्हा उमलतील.