बल्ब बदलूनही जुन्या गाडीचे हेडलाइट मंद का राहतात?

तुमची गाडी 14 वर्षांची आहे, दोन्ही हॅलोजन बल्ब नवे टाकूनही रात्री रस्ता नीट दिसत नाही, म्हणून आता एलईडी बल्ब टाकावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यात नको. आधी बल्बपर्यंत किती व्होल्ट पोचतात ते मोजा.

माझ्या जुन्या गाडीला हेच झालं होतं. दोनदा बल्ब बदलले, फरक शून्य. मग एकदा दिवसाउजेडी बॉनेट उघडून मागचा होल्डर ओढून काढला. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक करपून तपकिरी झालं होतं. अर्थची वायर (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी) बॉडीला जिथे स्क्रूने आवळलेली असते, तिथे खाली गंज आणि तारेवर हिरवी पूड. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट होते, बल्बवर फक्त 12.3.

पावणेदोन व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतं, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. दहा टक्के व्होल्ट कमी झाले की उजेड साधारण तीस टक्के जातो. माझा तर एक तृतीयांशाहून जास्त उजेड वायरिंगमध्येच जात होता. 55 वॅटचा एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, दोन्ही मिळून नऊ. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो, त्यामुळे हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो आणि त्याचे पॉइंट हळूहळू जळत जातात.

मोजताना बल्ब जोडलेला आणि पेटलेला हवा. होल्डर काढून मोजलंत तर व्होल्टेज पुरेपूर दिसेल आणि तुम्ही फसाल. इंजिन चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं होल्डरच्या मागून डिपरच्या (लो बीमच्या) पिनेला लावा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत जातात. मग बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात तसंच मोजा. दोन्हींपैकी कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष वायरिंगचा. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइटही त्याच्याबरोबर लुकलुकत असेल, तर पहिला संशय अर्थवर घ्या.

मी अर्थचा सांधा घासून लख्ख केला, होल्डर नवे टाकले आणि बॅटरीवरून फ्यूज घालून रिलेमार्फत जाड वायर ओढली. त्याच बल्बांनी रस्ता दिसायला लागला. त्या रात्री खूप हायसं वाटलं, कारण घरचे सगळे त्याच गाडीतून फिरतात.

व्होल्टेज ठीक निघालं तर काच बघा. ती खरं तर पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की पिवळी पडते. ओला पॉलिश पेपर, आधी 1000 मग 2000 नंबरचा, आणि वरून पॉलिश, एवढ्याने ती साफ होते. पण शेवटी यूव्ही कोटिंग हवंच, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच. टूथपेस्टने येणारी चमक टिकत नाही. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर तो पुसायला जाऊ नका, चमकीचा थर फडक्याबरोबर निघून येतो. तिथे अख्खा हेडलाइटच बदलावा लागतो.

आता एलईडीबद्दल. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या (बल्बमधल्या पेटणाऱ्या तारेच्या) नेमक्या जागेवर बेतलेला असतो. त्यात एलईडी घातला की बऱ्याचदा प्रकाश विस्कटतो. गाडीपुढचा रस्ता झगझगीत दिसतो, लांबचा दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. एखाद्या दुचाकीवाल्याला क्षणभर काही दिसेनासं होणं किती धोक्याचं आहे, याचा कृपया विचार करा. 100/90 वॅटचे जादा ताकदीचे बल्बही नकोत, होल्डर आधीच करपलेला असेल तर तो त्यांनी वितळेल.

हे सगळं झाल्यावर फोकस सेट करून घ्या. आणि नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.