बागेचे प्रश्न: ओंटारिओतलं डॅन्डेलिअन आणि हुमणी

प्रश्न : ब्रॅम्प्टनला घर घेतलंय. लॉनभर डॅन्डेलिअन (पिवळ्या फुलांचं तण) माजलंय. एक मित्र अमेरिकेतून तणनाशकाची बाटली आणून देतो म्हणतो. मारू का?

उत्तर : अजिबात नको. निव्वळ शोभेसाठी २,४-डी किंवा ग्लायफोसेटसारखी रासायनिक तणनाशकं फवारायला ओंटारिओत २२ एप्रिल २००९ पासून बंदी आहे; बाटली कुठूनही आणली तरी. ही बंदी सुखासुखी आलेली नाही. शेजारच्या क्यूबेक प्रांतातल्या हडसन गावाने १९९१ मध्ये असा नियम केला, फवारणी कंपन्यांनी गावाला कोर्टात खेचलं, आणि २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पोरं ज्या गवतात लोळतात तिथे विष नको, एवढंच त्या गावाचं म्हणणं होतं, आणि ते रास्तच होतं.

आता तणाचं. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना लांब, अरुंद खुरप्याने सोटमूळ खोलवरून काढा. मुळाचा तुकडा आत राहिला की त्यालाच पुन्हा फुटवे येतात. तण फार असेल तर लोहयुक्त तणनाशक (एफई-एचईडीटीए) चालतं. रुंद पानं काळी पडतात, गवत वाचतं. मात्र जुनं डॅन्डेलिअन पुन्हा फुटतं, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरा हात द्यावा लागतो. ड्राइव्हवेवर थेंब पडले तर लगेच धुवा, गंजाचे डाग जात नाहीत.

खरा इलाज गवत दाट करण्यात आहे. ते ७-८ सेंटिमीटर ठेवा; बुटकं कापलं की उन्ह मातीपर्यंत पोचतं आणि तणाचं बी रुजतं. कापलेलं गवत तिथेच राहू द्या. ऑगस्टअखेरीस सेंटिमीटरभर कंपोस्ट पसरून वर बी टाका आणि रुजेपर्यंत माती ओली ठेवा. तणाचं बी रुजू नये म्हणून मक्याचं ग्लुटेन (मक्यातल्या प्रथिनाची भुकटी) वसंतात घालणार असाल तर त्याच सुमारास बी पेरू नका, ते गवताचंही बी रुजू देत नाही.

प्रश्न : लॉन चटईसारखं उचललं जातंय, रात्री स्कंक (काळे-पांढरे, दुर्गंधी सोडणारे प्राणी) येऊन उकरतात.

उत्तर : हुमणी आहे, म्हणजे भुंग्याची मातीतली पांढरी अळी; ती गवताची मुळं खाते. फूटभर चौकोन कापून उलटा करा. चार-पाचच अळ्या दिसल्या तर नुसतं पाणी-खत सांभाळा. दहाच्या आसपास असतील तर हेटेरोऱ्हॅब्डायटिस सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) सोडा. वेळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य, कारण तेव्हा अळ्या लहान असतात. वसंतातल्या जाड अळ्यांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. सूत्रकृमी जिवंत असतात. पाकीट फ्रिजमध्ये ठेवा, मुदत बघा, पंपाची बारीक जाळी काढा. आधी लॉन भिजवा, संध्याकाळी फवारा, लगेच पुन्हा पाणी द्या आणि पुढचे दहा-पंधरा दिवस माती सुकू देऊ नका. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो भर उन्हात फवारल्याने.