उजळाईवाडीला नव्यानं रुजू होणाऱ्याला

भावा, कोल्हापूरच्या विमानतळावर नोकरी लागली, अभिनंदन. आता पासाचं ऐक. बीसीएएसचा, म्हणजे विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचा, प्रवेश परवाना छातीवर दिसेल असाच लावायचा. जॅकेटखाली गेला की अडवणारच. ज्या भागाची परवानगी त्यावर नाही, तिथं मित्राला हाक मारायलाही शिरू नकोस. हरवला तर शोधत बसू नकोस, लगेच वरिष्ठांना सांग.

झडती प्रत्येक वेळी होते. चहाला बाहेर गेलास, परत आलास, की पुन्हा हात वर. तपासणारा रोज तुझ्याबरोबर कटवडा खातो म्हणून सोडेल, असं धरून चालू नकोस. सोडलं तर त्याच्या नोकरीवर येतं. बीसीएएस १९७८ साली उभी राहिली तीच विमान अपहरणानंतर, त्यामुळं ओळखीपाळखीला इथं किंमत नाही. खिसे आधीच मोकळे ठेव. काडेपेटी, लायटर, अडकित्ता घरीच. हत्यारं लागणारं काम असेल तर पाने-स्क्रूड्रायव्हर जाताना-येताना मोजून घे.

खरा ताप पाहुण्यांचा. "एवढी चपलांची पिशवी मुंबईला जाणाऱ्या कुणाकडं तरी दे की," असा फोन येणारच. सख्खा मामा असला तरी सरळ नाही म्हण. फुगतील चार दिवस, फुगू देत.